व्हर्लीनच्या नावावरची कमाई

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय पास्टर क्रेस, आमच्या गावाच्या नगराध्यक्षा श्रीमती हॉबर्ट, प्रुइट डायनरचे मालक श्री. ड्वाइट प्रुइट, जिच्या निरोपासाठी आपण चर्चच्या या तळघरात जमलो ती माझी मैत्रीण व्हर्लीन स्टिडम, तिची लेक जोएल, आणि व्हर्लीनच्या हातची कॉफी पिऊन केस पिकवलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

चाळीस वर्षं मी डायनरमध्ये टेबलाशी उभी राहून लोकांचं ऐकलं आणि लिहून घेतलं. आज लोक बसलेत, ऐकताहेत आणि मी बोलतेय, तेव्हा जीभ जरा अडखळेल. ड्वाइट, तू असा ताठ बसू नकोस बाबा. तुझ्या वडिलांची फार काही चहाडी करणार नाही.

नगराध्यक्षाबाई आत्ता म्हणाल्या की व्हर्लीनचं हसू हे या गावाचं वैभव आहे. अगदी खरं. पण बाई, त्या हसण्यावर तिचं घर चालत होतं, हेही कुणीतरी सांगायला हवं ना? मालकाकडून आम्हा वेट्रेसना तासाला दोन डॉलर तेरा सेंट. ती आली तेव्हा तेवढेच, आज ती निघाली तेव्हाही तेवढेच. बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. ज्या दिवशी दाढ दुखते त्या दिवशीसुद्धा हसायचं.

ती आली १९९४ च्या सप्टेंबरात. वय छत्तीस, नवरा टेक्ससला काम शोधायला गेला तो गेलाच, आणि पदरात सहा वर्षांची जोएल. पोरीला फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा करा, अशी बाईंनी शाळेतून चिठ्ठी दिलेली. व्हर्लीनने पहिले दोन आठवडे प्रत्येक टीप, अगदी चिल्लरसुद्धा, ऑफिसातल्या वहीत लिहिली. तिचे वडील पाद्री होते, दुसरं काय होणार? मग पगाराचं पाकीट आलं. आत चेक नव्हताच, नुसता कागद. टिपांवरचा कर त्या दोन डॉलर तेरा सेंटमधून कापता कापता पगार संपला होता, आणि कागदावर आकडा होता शून्य.

ॲपल पायच्या कपाटाआड ती तो कागद उलटसुलट करून बघत होती. मला म्हणाली, "नदीन, मागे काही लिहिलंय का गं?"

मी काय म्हटलं, ते आज भर सभेत सांगते. मी म्हटलं, "अगं वेडे, सगळं लिहिलंस? रोख मिळतं ते खिशात घालायचं. वहीत आपलं थोडंसं, शोभेपुरतं. सगळ्याजणी तेच करतात."

"आणि म्हातारा मालक विचारेल तर?"

"म्हातारा कशाला विचारतोय? तू कमी लिहिलंस तर त्यालाही सरकारात भरणा कमी."

ड्वाइट, झाली चहाडी. एवढीच होती.

पुढच्या महिन्यात पोरीला चष्मा आला. मला केवढा अभिमान वाटला होता! नव्या बाईला मी मार्गाला लावलं, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा खाणीत होता. तो गेल्यावर त्याचं पेन्शन मला लागलं. म्हणजे बघा, मी दिलेली अक्कल मला बाधली नाही. मी सुटले.

यंदा मार्चमध्ये व्हर्लीनचे गुडघे बसले. तीन ताटं हातावर घेऊन ती दारातच थबकली, पुढचं पाऊल उचलेना. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे महिने, मग पुरे. मग आम्ही दोघी पेन्शनच्या ऑफिसात गेलो. खिडकीत एक तरुण गृहस्थ होता, फार सभ्य. त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"बाई, तुमच्या नावावर एवढीच कमाई दिसतेय."

व्हर्लीन म्हणाली, "पण मी तर रोज कामावर होते. हिला विचारा."

"मला ठाऊक आहे हो. माझी आईही वेट्रेसच होती. पण जे लिहिलं नाही ते यात येत नाही."

पेन्शन बसलं महिन्याला सातशे डॉलरला थोडं कमी. त्यातले सहाशे भाड्याला. मी विचारलं, आता मागचं भरून देता येईल का? इतक्या वर्षांचं नाही, म्हणाला. मी विचारलं, कुठे अर्ज? त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

गाडीत मला वाटलं, ही आता मला बोलेल. बोलावं, असंही वाटलं. ती म्हणाली, "भूक लागलीय. दुसरं कुणी वाढेल अशा जागी चल."

गेलो. वाढायला होती ती विशीतली, पोटुशी पोरगी. जेवण झाल्यावर व्हर्लीनने ताटाखाली पाच डॉलर ठेवले आणि तिला हाक मारली. "हे वहीत लिही हं बाळा. सगळं लिहीत जा."

पोरगी हसली. "लिहिलं तर मला या आठवड्याला काय उरणार, मावशी? बाळंतपण आलंय."

व्हर्लीनने माझ्याकडे पाहिलं.

आता टीव्हीवर सांगतात, टिपांवरचा कर माफ. परवा काउंटरवर कुणीसं म्हणालं, "काय व्हर्लीन, चैन आहे तुम्हा लोकांची!" तिने कप भरला आणि म्हणाली, "हो ना." दुसरं काय म्हणणार?

तुम्ही जमवलेलं पाकीट पास्टरसाहेब आत्ता तिला देतील. जड मनाने सांगते, तीही टीपच आहे. तरी द्या. आणि येत्या सोमवारपासून व्हर्लीन हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर बसणार आहे. तिथे स्टूल देतात. तेव्हा आजचा हा निरोप नेमका कशाचा, हे मला विचारू नका.

चर्चच्या भगिनींनी केक केला, ड्वाइटने सुट्टी दिली, तुम्ही सारे कामधाम टाकून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. पण मूळ चूक माझ्या बोलण्यातली नाही, एकतीस वर्षांपूर्वीच्या सांगण्यातली आहे, आणि ती पदरात घेणं सभेच्या हातात नाही. व्हर्लीन, म्हणून सगळ्यांसमोर तुझीच माफी मागते.

तू मान हलवते आहेस. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला इथून नीट दिसत नाही गं.

नमस्कार.