राजूरच्या बाजारातलं दहाचं नाणं

माझं नाव सुमन, माहेर कोल्हारचं, प्रवरेच्या काठचं, पन काठची जमीन आमची न्हवती, आमी दुसऱ्याच्या उसात राबनारी मानसं. जय भीमवाली. घरात एक फोटो बाबांचा, त्याच्यापुढं मेनबत्ती, बाकी घरात बघन्यासारखं काय न्हवतं. बाप दिवसा लई गरीब, सगळ्यांशी हात जोडून बोलायचा, आनि प्याला की तेच हात आईवर. आईला एक नाद हुता. नेहमीपेक्षा निराळं चित्र असलेलं नानं हातात आलं की ती ते मोडायची न्हाई, पावडरच्या डब्यात टाकायची. मासळीचं आठ आन्याचं हुतं, कुन्या पुढाऱ्याचं रुपयाचं हुतं, असली पाच-पंचवीस. बापाला एक दिवस डबा घावला. आईनं छातीशी धरला तर त्यानं तिची बोटं एकेक करून मागं वाकवली, आनि करंगळीचा जो आवाज झाला ना, काय सांगू तुमाला, वाळली काटकी मोडल्यासारखा. मी आठ-नऊ वर्सांची, चुलीपशी उभी. आई वरडली न्हाई आनि डबाबी सोडला न्हाई. मग दुसऱ्या दिवशी फडकं बांधलेल्या हातानं तिनं तो माझ्या हाती दिला, म्हनली सुमे, ह्याच्यावर कुनाची तरी आठवन काढलेली हाय, आठवन खर्चायची नसती.

लगीन झालं अकोल्याकडं. मालक वामनराव, टेम्पो चालवायचे, मानूस शांत, माझ्यावर कदी हात उचलला न्हाई, हे आधी सांगते, कारन पुढं जे झालं त्यात लोकं म्हनली की दोघं नवरा-बायको तसलीच. तसं न्हवतं. आमी सुकट-बोंबलाचा धंदा धरला, आठवडी बाजार करायचो, त्यात राजूरचा बाजार मोठा, डोंगरातनं सगळ्या वाड्यांची मानसं येत्यात, पावसाळ्याआधी तर सुकटीला रांग लागती. धंद्यात रोज शेकडो नानी हातातनं जायची, निराळं दिसलं की मी बाजूला काढायचे. आईचा डबा भरला, मग बिस्किटाचा केला, तोबी भरला. आधी वर्साकाठी एखादं नवं घावायचं, मग एवढी यायला लागली की मलाच समजंना हे कुनाचं आनि ते कशाचं, आज हा पुढारी, उद्या ते योगासन, परवा कसली तरी शंभर वर्सं. एका वर्साची दोन दहाची नानी शेजारी ठेवली तर बहिनी-बहिनी वाटायच्या न्हाईत.

आनि त्यातच ती आवई उठली, दहाचं नानं चालत न्हाई म्हनून. कुनी म्हनायचं दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, कुनी म्हनायचं रुपयाची खून नसली की बनावट. मोबाईलवर यायचं सगळं. एक दुकानदार एक घ्यायचा, शेजारचा तेच फेकायचा. मी घ्यायचे सगळी, मला ठावं हुती.

त्या दिवशी बाजार ऐन भरात, दुपारचे बारा असतील. किसन म्हनून एक शेतकरी, वरच्या वाडीचा, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, मला मावशी म्हनायचा. त्यानं बोंबील घेतलं, मी दहा रुपये माघारी दिले, दहाची नोट न्हवती म्हनून नानं दिलं, आमच्या बाबांचं चित्र असलेलं. एक घरी डब्यात हुतं, हे दुसरं. द्यायला नको हुतं, अजून वाटतं. त्यानं उलटंपालटं करून बघितलं, म्हनला हे चालत न्हाई, नोट दे. मी म्हनलं अरे चालतं, खरं हाय. तो म्हनला सकाळधरनं हेच ऐकतोय, आनि ते नानं त्यानं फेकलं, ते गेलं समोरच्या गटारात.

मालक उठले. आवाज न चढवता म्हनले, किसन, ते उचल. तो म्हनला तू कोन मला उचल म्हननारा. मालक म्हनले त्याच्यावर कोन हाय बघितलंस का, उचल आनि धुऊन दे. किसननं मालकांच्या कानाखाली मारली. मालकांनी त्याची गचांडी धरली, आनि तेवढ्यात मागनं कोनतरी वरडलं, बनावट नानी वाटत्यात, धरा त्यांना. बस, मग मानसं राहिली न्हाईत तिथं. मालक खाली पडले, वरनं लाथा, पालाचा बांबू उपसून एकानं पाठीवर घातला, एकानं डाव्या हातावर बूट ठेवून दाबला, मी बघत हुते. सुकटीच्या पाट्या उधळल्या, सगळा चिखल नि सुकट. किसन मालकांच्या छातीवर बसून मारत हुता. माझ्या हाताला काट्याचं किलोचं वजन लागलं, लोखंडाचं. मी ते त्याच्या तोंडावर घातलं. एकदाच न्हाई. खोटं कशाला सांगू, दोनदा. पहिल्यांदा मालकांना सोडवायला, आनि दुसऱ्यांदा तो बाजूला पडला हुता तरीबी. ते दुसरं माझ्या बापाचं रगात हुतं.

मालकांच्या तीन बरगड्या गेल्या, डाव्या कानानं ऐकू येत न्हाई आनि हाताची मूठ वळत न्हाई, टेम्पो इकावा लागला. किसनचा उजवा डोळा गेला. पोलिसांनी गटारातनं नानं काढलं, बँकेतल्या सायबाला दाखवलं, तो म्हनला खरं हाय, कुनीबी नाकारू नये. एवढं एकच वाक्य. ते त्या बाजारात आधी कुनी येऊन सांगितलं असतं तर.

केस उभी राहिली, दोन्हीकडनं. तारखेला किसन यायचा डोळ्यावर पांढरं फडकं लावून. एकदा कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तो माझ्याजवळ आला. मी घाबरले. तो म्हनला मावशी, मी चित्र बघितलंच न्हवतं, आईची आन. सकाळी खताच्या दुकानात माझी असलीच नानी फेकली, मी भांडलो तर चार मानसांत मला मारलं, म्हनले खोटी नानी खपवतो. मला वाटलं आता तूबी मलाच येडा बनवती. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं तर राग आला न्हाई, रडूबी आलं न्हाई. पुढं वकिलांनी तडजोड केली, दोघांनी सह्या केल्या.

पोरगी माझी नगरला नर्स हाय, सावेडीत राहती. तिच्या खालच्या मजल्यावर एक रिटायर चित्रकलेचे सर, त्यांनाबी नान्यांचा नाद. दर रविवारी त्यांच्याकडं पाच-सहा जन नानी घेऊन बसत्यात. पोरीनं सांगितलं आमची आई साठवती, तर सरांनी मला बोलवलं, खुर्ची दिली. त्यांचं भांडन चाललेलं. सर म्हनत हुते, सरकार लई काढतंय, ऊठसूट एक नानं, किंमत राहिली न्हाई, पूर्वी एक आलं की आमी महिनाभर बोलायचो, आता बघायला कोन हाय. एक कापडदुकानदार तावातावानं म्हनला, का काढू नये, पुस्तक न वाचनाऱ्याच्या हातात थोर मानूस जातो तो नान्यानंच. सर म्हनले जातो, पन हातात घेनारा त्याला वळखीत न्हाई. दुकानदारानं टेबलावर असा हात आपटला की मी उठूनच उभी राहिले. सर म्हनले बसा ताई, आमचं रोजचं हाय हे. मग त्यांनी मला इचारलं, तुमाला काय वाटतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, वजनापर्यंत, दुसऱ्या फटक्यापर्यंत. मी म्हनलं सर, आमच्या बाबांचं चित्र नान्यावर आलं तेव्हा मी ते कपाळाला लावलं हुतं, ते काढायला नको हुतं असं मी कसं म्हनू. पन जास्ती काढल्यानं मानसाला खरं-खोटं कळंना, आनि ज्याला कळत न्हाई तो भितो, आनि भ्यालेला मानूस मारतो. नानी कमी काढावीत म्हनू की जास्ती, मला सांगता येत न्हाई. सर म्हनले, आमी इतकी वर्सं फक्त नानी बघितली.

आता मी परत राजूरला बसते. मालक घरी असत्यात, मी एकटी यष्टीनं जाते. वजनं मोडीत घातली, मशीनचा काटा घेतला. किसन येत न्हाई बाजाराला, त्याची बायको येती. पहिल्यांदा आली तेव्हा अर्धा किलो सुकट मागितली, मी तोलली आनि वरनं दोन मुठी घातल्या. तिनं पिशवी उघडून बघितलं, त्या दोन मुठी काढून माझ्या पाटीत परत टाकल्या, म्हनली मावशी, बरोबर तोल.

तेव्हापासनं बरोबर तोलते. ती घेती, पैसे देती, जाती. लेकरंबाळं सुखी राहू देत तिची, दुसरं मी काय म्हननार.