चढाचा रकाना

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या शिक्षण मंडळाचे आधारस्तंभ श्री. कृष्णरावजी; आमच्या प्राचार्या प्रमोदिनीताई; आजचे सत्कारमूर्ती, तेहतीस वर्षं या शाळेला गणित शिकवणारे आमचे शरदचंद्र दिघे सर; मंचावर यायला नको म्हणून पहिल्या रांगेतच बसलेल्या सौ. इंदिराकाकू, तिसऱ्या रांगेत बसलेले सरांचे चिरंजीव ऋषभ, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी हृषीकेश पागनीस. या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. मला पाच मिनिटं दिलेली आहेत. प्रमोदिनीताईंनी तसं बजावलंच आहे, की पागनीस, तुम्ही एकदा सुरू झालात की मधली सुट्टी होते. ताई, आज मी थांबलो तर भीतीमुळेच थांबेन. जरा पाणी घेतो.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. सरांचा वक्तशीरपणा, त्यांचा खडू, त्यांचा राग, सगळं आलं. त्यांचं ते वाक्य मात्र कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. मागच्या बाकांवरच्या प्रत्येकानं ते ऐकलंय. "उत्तर बरोबर आलंय भिया, पण स्टेप कुठंय? स्टेप नाही तर नंबर नाही." बरोबर ना? हसताय म्हणजे बरोबर आहे. मी सरांचा विद्यार्थी नव्हतो, स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची मला मिळाली, एवढंच. पण बावीस वर्षं शेजारी बसून एवढी एक गोष्ट मी शिकायला हवी होती. ती शिकलो नाही, म्हणून आज घाम फुटलाय.

पाहुण्यांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्या स्टाफरूममध्ये एक रिवाज आहे. कुणाला मिक्सर घ्यायचा असो, कुकर असो, मुलीसाठी स्टडी टेबल असो, आधी पागनीसांचा तक्ता निघतो. मी दुकानं फिरतो, वस्तू हाताळतो, रकाने आखतो, दहापैकी नंबर देतो आणि कागद नोटीस बोर्डाला टाचतो. लोक शोरूमवाल्यावर विश्वास ठेवत नाहीत, माझ्या तक्त्यावर ठेवतात. मला त्याचा गर्व होता. होता म्हणतो. कृष्णरावजी, तुमच्या घरचा वॉटर फिल्टरसुद्धा माझ्याच तक्त्यातला आहे, तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

तर गेल्या हिवाळ्यात सरांची जुनी स्कूटर थकली. सरांना इलेक्ट्रिक गाडी हवी होती. महागडी नको, साधी, आपल्या ऐपतीतली. रोज सुदामा नगर ते पलासिया जायचं, यायचं, आणि रविवारी काकूंना घेऊन बिजासन टेकरी चढायची. हे दुसरं काम महत्त्वाचं आहे. लग्न झाल्यापासून दोघं दर रविवारी सकाळी टेकरीवर जातात. आधी देवीचं दर्शन, मग कठड्याशी उभं राहून खालच्या धावपट्टीवरची विमानं बघायची. काकूंना वेळापत्रक पाठ आहे. "पुण्याचं गेलं. दिल्लीचं आज लेट दिसतंय." काकू विमानात एकदाही बसलेल्या नाहीत, आणि बसायचंही नाही म्हणतात. त्यांना फक्त ते वर उचललं जाताना बघायचं असतं.

मी तीन गाड्या काढल्या. एक निळी, सगळ्यांत स्वस्त, पण सायकलवाला पुढं निघून जाईल अशी. एक पांढरी. एक लाल. आठवडाभर तिन्ही चालवून पाहिल्या. पलासियाच्या सिग्नलला कोण आधी उचलते, खड्ड्यात कोण कंबर मोडते, कंपनी सांगते त्यातले किलोमीटर खरोखर किती निघतात, सगळं लिहिलं. सर दुसऱ्या मजल्यावर राहतात. पांढरीची बॅटरी काढून वर घरात नेता येते. लालची गाडीतच बसवलेली, वर न्यायची सोय नाही. पांढरी पहिली आली.

आता शेवटचा रकाना. चढ.

तुम्हीच सांगा, आपल्या शहरात चढ म्हणजे काय? फ्लायओव्हर! मी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, एकटा फ्लायओव्हर चढलो. माझं वजन चोपन्न किलो आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. पांढरी मस्त चढली. मी लिहिलं, चढ, दहापैकी नऊ.

सरांनी विचारलं होतं हो! पोह्यांची प्लेट हातात होती माझ्या. सर म्हणाले, "हृषी, दोघांना घेऊन टेकरी चढेल ना रे?" आणि मी वर मान न करता म्हणालो, "सर, डोळे मिटून घ्या." जो माणूस बेरीजसुद्धा दोनदा तपासतो, त्याला मी सांगितलं डोळे मिटून घ्या. आणि त्यांनी घेतली.

एप्रिलमधला तो रविवार आपल्याला माहीत आहे. टेकरी चढताना शेवटच्या वळणावर सर आणि काकू पडले. काकूंचं कोपर खरचटलं. सरांचं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. सगळ्यांना सर एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं, ब्रेक उशिरा लावला." आणि आपण सगळ्यांनी, मीसुद्धा, मान हलवली. वय झालं आता. साठीला आले सर, कशाला हवी दुचाकी. ऋषभनं घाबरून किल्ली काढून घेतली. ऋषभ, मी तुला दोष देत नाही. तू हॉस्पिटलात म्हणालास, "बाबा, अब बस. मुझसे नहीं होगा दुबारा." मी तिथंच उभा होतो. माझा बाप असता तर मीही हेच केलं असतं.

ताई, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं झाली, वाचलं मी. पण आता थांबलो तर पुन्हा माझी हिंमत होणार नाही. थोडं सांभाळून घ्या.

आणि सर, तुम्ही मगापासून हातानं बसायची खूण करताय, तीही दिसते आहे मला. तो हात अजून नीट वळत नाही, तेही दिसतंय. त्याकडे बघूनच मी बोलतोय.

तीन आठवड्यांपूर्वी निरोप समारंभाच्या भेटवस्तूची मीटिंग झाली. ही माझ्यामागे चादरीखाली झाकलेली वस्तू. सगळ्यांना कळलीच आहे, तर सांगून टाकतो, आरामखुर्ची आहे. पाय वर होतात, पाठ मागे जाते. मला म्हणाले, पागनीस, तक्ता काढा. आणि माझा हातच चालेना. कारण मला तेव्हाच पहिल्यांदा सुचलं, की सरांनी ब्रेक उशिरा कसा लावला? चढावर ब्रेक कशाला लागतो? गाडी चढत असेल तर ब्रेकचं कामच काय?

मी अकरावीला दर वर्षी उतरत्या फळीचं प्रकरण शिकवतो. वजन वाढलं की मागची ओढ वाढते. फळ्यावर बाण काढून शिकवतो. समोरच्या पोरांना विचारा, तोंडपाठ आहे त्यांना. आणि मला हे सुचायला चार महिने लागले!

सरांच्या गल्लीतच खाली ती पांढरी उभी होती, कापड टाकून. ऋषभ, तुझ्याकडून किल्ली मी "बॅटरी खराब होईल, जरा फिरवून आणतो" म्हणून मागितली होती. ते खोटं होतं. आपल्या ऑफिसातला पियुष, तो बघा कोपऱ्यात तोंड लपवतोय, अठ्ठ्याहत्तर किलोचा, त्याला मागं बसवलं. सुदामा नगरहून निघालो, मुद्दाम बॅटरी निम्म्यावर आणली, जशी सरांची त्या दिवशी असणार. आणि टेकरी चढू लागलो. पहिलं वळण ठीक. दुसरं, जरा दम लागल्यासारखी. शेवटच्या वळणावर गाडी एकदम मेली. मूठ पूर्ण पिळलेली, आणि गाडी मागं यायला लागली. मागं बघा, उतार आणि दरी. पियुष ओरडला, "सर, उतरतो मी, उतरतो मी!" तो उडी मारून उतरला म्हणून वाचलो. पण काकू उडी कशी मारतील? काकूंचे गुडघे कसे आहेत, आपल्याला माहीत नाही का?

तिथंच, सर आणि काकू पडले त्याच जागी. रस्त्याच्या कडेला बसून मी रडलो, हे पियुष कुणाला सांगणार नव्हता. मीच सांगितलं.

सर चुकले नव्हते. सरांचं वय चुकलं नव्हतं. माझा रकाना चुकला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. सर, माफ करा, तुम्ही नको म्हणाला होतात तरी सांगतो. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, गाडीनं दम सोडला होता? सर म्हणाले, "माहीत होतं." मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "अरे, सगळी स्टाफरूम तुझ्या तक्त्यावर चालते. एकदा लोकांचा भरवसा उडाला की तू दुकानं फिरणं सोडशील. मला काय, मी तर रिटायरच होतोय." आणि वर मला चहा पाजला! चार महिने हा माणूस सिटी बसला लटकत शाळेत येतोय, पोराच्या डोळ्यांत म्हातारा ठरलाय, आणि कशासाठी? नोटीस बोर्डावरच्या माझ्या एका कागदासाठी! मला तो चहा अजून पचलेला नाही.

ऋषभनं काकूंना दोनदा कारनं टेकरीवर नेलं. मनापासून नेलं. काकू म्हणाल्या, "विमान दिसतं रे, पण काचेतून उडताना ऐकू येत नाही." खाली उतरायला सांगितलं तर म्हणतात, "तुला ऑफिसचे फोन येतात, कशाला थांबवू." आणि गेले पाच रविवार त्या गेल्याच नाहीत.

तर आता स्टेप दाखवतो, सर. तुमच्या पद्धतीनं. त्यानंतरच्या तीन रविवारी पियुषला मागं बसवून मी तिन्ही गाड्या पुन्हा टेकरीवर नेल्या. पूर्ण बॅटरीवर, निम्म्या बॅटरीवर, आणि पाव बॅटरीवर. निळी पहिल्याच वळणाला थांबली. पांढरी पूर्ण भरलेली असताना चढते, निम्म्यावर थांबते. लाल पाव बॅटरीवरसुद्धा चढली. हळू चढली, सायकल रिक्षासारखी, पण थांबली नाही, मागं आली नाही. नऊ वेळा चढली. हा नवा तक्ता. सकाळीच बोर्डाला लावलाय. खाली जुना तसाच ठेवलाय, त्या नऊवर लाल शाईनं काट मारून. येणाऱ्या-जाणाऱ्यानं दोन्ही बघावेत.

लाल गाडी माझी आहे. मीच घेतली होती, माझ्या अंगणात प्लग आहे म्हणून. मला कुठं टेकरी चढायची आहे? मी सपाट रस्त्यानं एकटा येतो-जातो, चोपन्न किलोचा. तुमची पांढरी मला पुरे. ही लालची किल्ली. सर, ही मी टेबलावर ठेवतो. चार्जिंगचं टेन्शन घेऊ नका, माझं घर तुमच्यापासून तीन गल्ल्या सोडून आहे, प्लग अंगणात आहे, फाटक उघडंच असतं.

पण ही किल्ली सरांनी उचलावी असं मी म्हणणार नाही. ती ऋषभनं उचलून द्यावी. ऋषभ, तुझी भीती खरी आहे. माझीही आहे. मी एकदा "डोळे मिटून घ्या" म्हणालोय, पुन्हा नाही म्हणणार. डोळे उघडे ठेवून बघ. तुझे बाबा म्हातारे झाले म्हणून पडले नाहीत, एवढं मात्र आजच्या या सभेत, सगळ्यांच्या समोर तुला कळायला हवं होतं. ते सांगायला मी उभा राहिलो. बाकी खडू-बिडू सगळं आधीच्यांनी सांगितलंच होतं.

काय? ऋषभ, जरा मोठ्यानं... "संडे को मैं भी आऊँगा. नीचे खड़ा रहूँगा." ये ना, नक्की ये.

थांबा, टाळ्या थांबवा, काकू काहीतरी म्हणतायत. काकू, माइक देऊ का? नको? बरं. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काकू सरांना म्हणतायत, "आधी हृषीला मागं बसवा. तो वर पोचला की मग मी बसेन."

मंजूर, काकू. शंभर टक्के मंजूर. रविवारी सकाळी साडेसहाला, टेकरीच्या पायथ्याशी. गाडी सर चालवतील आणि मागं मी बसेन. पियुषही म्हणतोय, वजन कमी पडतंय तर दोन विटांची पिशवी मांडीवर देतो. दे बाबा.

सर, खुर्ची घरी घेऊन जा, पण तिचा तक्ता मी केलेला नाही, हे लक्षात असू द्या. बसून बघा आणि मग ठरवा.

अध्यक्ष महाशयांनी पाचाच्या जागी इतकी मिनिटं दिली, प्रमोदिनीताईंनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक निघालं असेल तर ते पोटात घाला. तक्त्यातली चूक तेवढी कुणी पोटात घालू नका. ती एका माणसानं चार महिने घातली, तेवढं पुरे झालं.

सर, किल्ली अजून टेबलावरच आहे... नाही, नाही, तुम्ही उठू नका. ऋषभ येतोय.