मंत्र्याची वाक्यं कोण बोललं?

(नाट्यगृहाची विंग. दुपारचा प्रयोग, मध्यंतर. पडद्यापलीकडे प्रेक्षकांचा गलबला.)

दिग्दर्शक : साहेब, तुमच्या परवानगी कचेरीची एकच अट होती. मंत्र्याचं पात्र बोलणार नाही. बोललं का? अख्खा अंक खांबासारखा उभा होता बिचारा.

साहेब : मंत्री बोलला नाही, कबूल.

दिग्दर्शक : मग झालं तर.

साहेब : ते वाक्य माझ्यासमोर म्हणू नका. तेच कापलंय आम्ही.

दिग्दर्शक : चुकलो. जिभेवर बसलंय हो. कुठेही निघतं.

साहेब : मंत्री बोलला नाही, पण त्याची वाक्यं मी सगळी ऐकली. एक सुटलं नाही. ती कोण बोललं, त्याचं नाव मला हवंय. नाहीतर दुसरा अंक होणार नाही. लोकांना घरी पाठवा.

दिग्दर्शक : थिएटर जुनं आहे, साहेब. आवाज घुमतो.

साहेब : कोणी बोललंच नाही तर घुमलं काय?

दिग्दर्शक : फारच जुनं आहे.

मावशी : अरे, कशाला उगाच सारवासारव करतोस? मी बोलले, साहेब.

साहेब : या कोण?

दिग्दर्शक : आमच्या मावशी. म्हणजे सगळ्यांच्याच. प्रॉम्प्टर आहेत. नट अडला की विंगेतून वाक्य पुरवतात. वय झालंय, ऐकायला कमी येतं, तुम्ही मनावर घेऊ नका.

मावशी : ऐकायला कमी येतं मला, बोलायला नाही. आणि मला मनावर घेतलेलं चालतं.

साहेब : मावशी, वाक्यं कापलीत हे तुम्हाला सांगितलं नव्हतं?

मावशी : सांगितलं की. यानं सांगून सांगून माझं डोकं खाल्लं. शपथसुद्धा घालून झाली. पण साहेब, माझा जन्म गेला या विंगेत. समोर नाटकातली बाई म्हणतेय, "मंत्रीसाहेब, नळाला पाणी नाही." आणि आमचा मंत्री ढिम्म. नट गप्प राहिला की माझं तोंड आपोआप उघडतं. म्हणून गेले, "नळ आहे ना? मग झालं तर."

दिग्दर्शक : हळूच म्हणाल्या हो, साहेब. अगदी कुजबुजल्या.

मावशी : पहिल्यांदा कुजबुजले. तर तो बोलायचं सोडून माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. मला वाटलं, याला ऐकू गेलं नाही. मग जरा मोठ्यानं म्हटलं.

साहेब : जरा? मी पार मागच्या दाराशी उभा होतो.

मावशी : बघ, म्हणजे मागंपर्यंत जातो अजून.

दिग्दर्शक : मावशी, ते कौतुक करत नाहीयेत.

साहेब : ठीक आहे. तुमचा आवाज बाईचा, आणि तो विंगेतून आला. त्याबद्दल मी नंतर बघतो. पण त्यानंतर खाली खुर्च्यांमधून एक पुरुष बोलला. मोठ्या खड्या आवाजात. त्याच्या मागून मग सगळं थिएटर बोलायला लागलं, गेल्या वर्षीच्या प्रयोगांत पाठ झालेलं. "रस्त्यावर दिवे लागत नाहीत." "खांब आहेत ना? मग झालं तर." एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसं. तो पहिला पुरुष कोण?

दिग्दर्शक : अंधार होता, साहेब.

साहेब : तुम्ही त्या बाजूलाच बघत होतात. मी पाहिलंय.

दिग्दर्शक : मी बघत होतो, पण भीतीनं डोळे मिटले होते.

साहेब : मिटलेल्या डोळ्यांनी बघत होतात?

दिग्दर्शक : मी दिग्दर्शक आहे. आम्ही बहुतेक प्रयोग तसेच बघतो.

साहेब : चेष्टा पुरे झाली. तो मंत्र्याचं काम करणारा कुठाय? तो सांगेल.

मावशी : तो काही सांगायच्या मनःस्थितीत नाही. आत मेकअपच्या खोलीत रुसून बसलाय. त्याचं म्हणणं, वाक्यं माझी, उभा मी राहिलो, घाम मला फुटला आणि टाळ्या तिकीट काढून आलेल्या लोकांनी घेतल्या. एरवी न्हावी आहे तो. म्हणतो, उद्यापासून गिऱ्हाइकांनी स्वतःची दाढी स्वतःच करून घ्यावी, मी नुसता आरशात उभा राहतो.

साहेब : हे बघा, मी सरळ सांगतो. उद्या सकाळी मला वर जाऊन उत्तर द्यायचंय. थिएटरमध्ये सरकारची टिंगल झाली, सगळ्यांनी मिळून केली, हे त्यांच्या कानावर एव्हाना गेलंही असेल. ते नाव मागतील. नाव दिलं तर एका माणसावर भागेल. नाही दिलं तर तुमचं थिएटर जाईल आणि माझी नोकरीही जाईल.

दिग्दर्शक : मग माझं नाव द्या.

मावशी : तू गप्प बस. तुझा आवाज पहिल्या रांगेत पोचत नाही. कोण विश्वास ठेवेल?

दिग्दर्शक : मावशी, मी इथे हिंमत गोळा करून बोलतोय.

मावशी : दिसतंय ना. पडदा धरून उभा आहेस. साहेब, नाव माझं लावा. आधी मीच बोलले, हे खरंच आहे. मला तुरुंगात टाकलंत तर तिथलेही कोणी ना कोणी अडखळत असतीलच. त्यांना वाक्यं पुरवीन.

साहेब : मावशी, मला एक सांगा. खरंच विचारतोय. हे सगळं कशासाठी? लोक येतात, हसतात, "मग झालं तर" म्हणून ओरडतात. उद्या सकाळी नळाला पाणी येणार आहे का?

मावशी : नाही येणार.

साहेब : मग?

मावशी : साहेब, बाहेर काय चाललंय ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. माणसं घरात खिडकी लावून बोलतात. दुकानात साखर मागायची तरी आजूबाजूला बघून मागतात. मी शेजारणीशी बोलायची बंद झाले, ती माझ्याशी. दोघींनाही वाटतं, दुसरी जाऊन सांगेल. प्रत्येकाला वाटायला लागलंय की तहान काय ती आपल्या एकट्यालाच लागलीय. आज ते गेलं. सगळ्यांच्या घशाला कोरड आहे, हे आज सगळ्यांना कळलं. पाणी उद्याही नसेल, पण मी आज घरी जाऊन शेजारणीचं दार वाजवणार आहे. सरळ सांगते, त्या अंधारात मी रडले. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

दिग्दर्शक : मीसुद्धा रडलो.

मावशी : तू घाबरून रडलास.

दिग्दर्शक : आधी घाबरून. नंतर बरं वाटून.

साहेब : तिसऱ्या रांगेत होता ना तो माणूस? कडेच्या खुर्चीत?

दिग्दर्शक : कडेला? छे. मला वाटतं तिथे एक बाई होती. जाडजूड. किंवा खांब असेल.

साहेब : पांढरी दाढी?

दिग्दर्शक : खांबाला?

साहेब : तुम्हाला तो कोण आहे ते ठाऊक आहे. मघापासून मी बघतोय, तुम्ही माझी नजर चुकवताय. का?

दिग्दर्शक : साहेब, तुमच्या भल्यासाठी सांगतो, हे नाव तुम्ही विचारू नका. मावशी, तुम्ही काही बोलू नका हं. मावशी?

मावशी : बोलते मी. किती वेळ तू खांब उभे करणार आहेस? साहेब, ते तुमचे वडील होते.

दिग्दर्शक : गेलं. गेलं सगळं.

साहेब : माहीत आहे मला.

दिग्दर्शक : काय?

साहेब : भाजी बाजारात लिलाव पुकारायचे ते, उभी हयात. लहानपणी आम्ही घरात बसून ऐकायचो, बाजारात भोपळ्याला काय भाव आला ते. तो आवाज मी ओळखणार नाही? अर्धं वाक्य पुरलं मला.

मावशी : मग आम्हाला कशाला उलटंसुलटं विचारत होता?

साहेब : मला वाटलं, तुम्ही घाबरून दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगाल. कोणाचंही. मी ते घेऊन निघून गेलो असतो.

मावशी : आणि त्या माणसाला उचललं असतं.

साहेब : हो.

दिग्दर्शक : आमच्या डोक्यात ते आलंच नाही, साहेब.

साहेब : तेच तर. मी इथे येताना जिन्यात ठरवून आलो होतो, कोणाचं नाव निघालं तर काय करायचं. तुम्ही दोघं स्वतःचीच नावं द्यायला लागलात. माझी तयारीच नव्हती त्याची.

मावशी : बसा जरा. तो सिंहासनाचा खोका आहे ना, त्यावर बसा. डावीकडे नका टेकू, पाय मोडकाय त्याचा.

साहेब : गेल्या वर्षी तुमचं हे नाटक बंद झालं, त्या हुकमावर सही माझी आहे. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. एका घरात राहतो आम्ही. मीठ हवं असलं तर बोट दाखवतात. भांडले असते तर चाललं असतं मला. अख्खा बाजार ज्याच्या आवाजावर चालायचा, तो माणूस घरात बोटानं मीठ मागतो. मला वाटायचं, आता तो आवाज संपला. आज ऐकला, तर तो माझ्याच विरुद्ध. आणि सांगू का, मला आनंद झाला. दाराशी उभा राहून मी लाज सोडून आनंदात होतो.

दिग्दर्शक : मग आता नावाचं काय करायचं?

साहेब : अट काय होती? मंत्र्याचं पात्र बोलणार नाही. पात्र बोललं नाही. उद्या वर तेवढंच सांगेन. प्रेक्षकांना गप्प बसवण्याची अट मला घालायला सांगितली नव्हती.

दिग्दर्शक : आणि त्यांनी नाही ऐकलं तर?

साहेब : तर बाबांना सांगावं लागेल की नोकरी गेली. निदान बोलण्यासारखं काही होईल आमच्यात. मावशी, दुसऱ्या अंकात मंत्र्याला किती बोलायचंय?

मावशी : भरपूर. शेवटी तर लांबलचक भाषण आहे.

साहेब : बाबांना ते पाठ आहे?

मावशी : तोंडपाठ. मधली जांभईसुद्धा.

साहेब : मी इथूनच ऐकतो. खाली गेलो तर मला बघून ते गप्प होतील.

मावशी : नाही होणार. मध्यंतर होताच त्यांना पाणी द्यायला गेले होते मी. शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवलीय. एक माणूस बसायला आला, त्याला उठवलं. म्हणाले, आमचा मुलगा इथेच आलाय, कामात आहे, सुटला की बसेल.

साहेब : बाबा असं म्हणाले?

मावशी : मोठ्यानं म्हणाले. मला ऐकायला कमी येतं, तरी नीट ऐकू आलं.