फिरोजनं न काढलेला वाघ

ती उजवीकडची दोरी आधी सोडा. फाडू नका, सोडा. हां. आता डावीकडची. घडी घालत बसू नका. भिंतीकडे तोंड करून ठेवा. खुर्चीवर त्याचा फोटो आहे, तेवढा पुरे.

आता बोलता येईल.

चाचा, रजिया आपा, बदनापूरची मंडळी, जालन्याहून, राजूरहून आलेले मित्र. शोकसभेत बॅनर उतरवायला लावणारा माणूस तुम्हाला आवडणार नाही. नका आवडून घेऊ. पण त्या बॅनरखाली उभं राहून मला फिरोजविषयी बोलता येईना. तसंही आज बोलणं अवघड आहे. एकतीस वर्षांचा मुलगा काविळीनं जातो, त्यावर काय बोलायचं?

पण माझ्याआधी बोललेल्या साहेबांनी बॅनरकडे हात केला आणि म्हणाले, "वाघ काय काढलाय पोरानं! अंगावर येतो." तुम्ही माना डोलावल्या.

तो वाघ फिरोजनं काढलेला नाही.

पुन्हा सांगतो. तो वाघ फिरोजनं काढलेला नाही. ती तलवारवाली बाई त्याची नाही. मागची आग त्याची नाही. सोनेरी अक्षरं त्याची नाहीत. आणि तरी त्या चित्राखाली आज त्याचं नाव आहे. इथंच नाही, जगभर आहे. मला दुःख व्हायला हवं होतं. मला किळस आली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिरोज, संतोष आणि मी, आम्ही तिघांनी मिळून कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ केला. नाव 'राखण'. खेळ चालवणारं सगळं गणित संतोषचं. शब्द माझे. चित्रं सगळी फिरोजची. खेळात एक मुलगी ज्वारीच्या शेतात मचाणावर बसते आणि पाखरं हाकलते. गोफण आहे, आरोळी आहे, ऊन आहे. कुणी मरत नाही. पाखरंसुद्धा मरत नाहीत. उडतात, परत येतात. ते शेत फिरोजनं पानापानानं काढलं, खाली त्याचं नाव आहे. वारा कुठून येतो ते कणसांवरून कळतं.

असे खेळ ऑनलाइन दुकानात विकतात. तिथं पडद्यावर खेळांची चित्रं ओळीनं लावलेली असतात, प्रत्येक बोटाच्या पेराएवढं. माणूस अंगठ्यानं सरकवत जातो. तेवढ्यात थांबला तर थांबला. त्या पेराएवढ्या चित्राला कव्हर म्हणतात. फिरोज म्हणायचा, "सर, ह्ये चित्र न्हाई. ह्ये दार हाय. आत काय हाय त्ये दारावरच कळलं पाह्यजे."

पोटासाठी तो जालन्यात बियाण्यांच्या पिशव्यांवरची चित्रं करायचा. मोठं कणीस, हिरवं रान, हसणारा शेतकरी. पहिलं कव्हरही तसंच झालं. शेत, मचाण, मुलगी, सूर्य, पाखरांचा थवा. मला फार आवडलं. फिरोजला माझ्या आवडण्यावर विश्वास नव्हता.

त्याची एक पद्धत होती. सकाळी जालन्याच्या गाडीसाठी इथल्या स्टेशनवर माणसं उभी असतात. फिरोजही असायचा. मोबाईलवर दुकानाचं पान, त्यात आपलं चित्र बसवलेलं, आजूबाजूला दुसऱ्यांची. फोन हातभर लांब धरायचा. शेजारच्याला म्हणायचा, "भाऊ, बघा." आणि लगेच हात मागं. "काय दिसलं?"

पहिल्याच माणसानं विचारलं, "कोणतं वाण हाय ह्ये? खत किती लागतं?"

दुसरा म्हणाला, "कॅलेंडर छापून राह्यला का रे फिरोज? आमच्या दुकानाचं नाव टाक खाली."

सगळे हसले. फिरोज सगळ्यात जास्त हसला. मला म्हणाला, "सर, पिशव्या करून करून हात बिघडला. काई बी काढलं तरी पिशवीच निघून राह्यली."

मग त्यानं काढायला सुरुवात केली. म्हणजे खोडायला. सूर्य गेला. थवा गेला. मचाण गेलं. मुलगी गेली तेव्हा मी भांडलो. खेळ तिचा आहे, ती दारावर नको? तो म्हणाला, "ती आत बसली ना. दारावर बी तीच, आत बी तीच, मंग माणूस आत कशाला यील?"

शेवटी एक कणीस उरलं. वाकलेलं. मागं कोरं आभाळ. खाली जाड अक्षरांत नाव. बस.

स्टेशनवर एक बाई भाजीची पाटी घेऊन उभ्या होत्या. फिरोजनं फोन दाखवला, मागं घेतला.

"काय दिसलं मावशी?"

"कणीस."

"अजून?"

"पाखरू बसलंय की त्याच्यावर. हाकल त्याला."

चित्रात पाखरू नव्हतं, मंडळी. फक्त कणीस वाकलेलं होतं, पाखराच्या वजनाएवढं. फिरोजनं माझा दंड धरला. "बराबर! सर, बिलकुल बराबर!" गाडी आली तरी त्यानं दंड सोडला नाही.

हे कव्हर त्यानं काढलं. याच्याखाली त्याचं नाव हवं होतं.

संतोष, उठू नकोस. बस. मी तुझ्यावर ओरडत नाही. जे झालं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर.

खेळ दुकानात जायच्या आठवड्यात फिरोज दवाखान्यात होता. संतोषनं ते कणीस घरी, त्याच्या मामांसमोर दाखवलं. मामा, तुम्हीही होतात. तुम्ही संतोषला कॉम्प्युटर घेऊन दिलात, जागा दिलीत. तुम्ही म्हणालात, "येवढं सगळं केलं अन् कव्हरवर एकच कणीस? माणूस कुठाय? गाव काय म्हणल?" आणि मग आपल्याकडे होतं ते झालं. आपल्याकडे पोराचा वाढदिवस असो, गणपती असो, निवडणूक असो, नळाला पाणी येवो, बॅनर लागतो. बॅनरवर ज्यानं केलं तो असतो, ज्यानं करू दिलं तो असतो, आणि ज्याला वाईट वाटेल तोही असतो. गोल गोल चौकटीत. खाली शुभेच्छुक.

संतोषनं खेळाच्या कव्हरचा बॅनर केला.

चौकातल्या बॅनरवाल्यानं कॉम्प्युटरला सांगून त्याच्याकडूनच एक बाई काढून घेतली. तिच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात गोफण, आणि गोफण चाबकासारखी धरलेली. बाजूला वाघ, कारण वाघ चांगला दिसतो. मागे आग, कारण आग उठून दिसते. आणि वरच्या बाजूला गोलांत मामा, मामांचे मित्र आणि सरपंच. आपल्या खेळात सरपंच काय करतात, संतोष? पाखरं हाकलतात?

हसू नका. तुम्ही हसलात की मला वाटतं, तुम्हाला हे चालतं.

पेराएवढं करून पाहा ते चित्र. तोंडं उरत नाहीत. ठिपके उरतात. पुरळ उठल्यासारखे. आणि ज्याला वाघ दिसला तो लढाईसाठी आत आला. आत ऊन आणि कणसं. त्यानं शिव्या लिहिल्या. "फसवलं." बरोबर लिहिलं. ज्याला ऊन आणि कणसं हवी होती, तो वाघ पाहून पुढं सरकला. तो आता कधी यायचा?

फिरोजनं ते दवाखान्यात पाहिलं. हे मला आपांनी सांगितलं, आणि आपांना विचारून सांगतो आहे. त्यानं सवयीनं फोन हातभर लांब धरला. सलाईनची नळी ताणली गेली. आपांना विचारलं, "आपा, क्या दिखा?"

आपा म्हणाल्या, "भीड़."

"और?"

"नीचे तेरा नाम."

त्यानं संतोषला फोन केला. रागावला नाही. रागवायला अंगात काही नव्हतं. म्हणाला, "कणीस लाव. त्ये न्हाई जमलं तर माझं नाव काढ." संतोष म्हणाला, "तू आधी बरा हो, मंग बघू. मामाला काय सांगू मी?"

मामाला काय सांगू. एक माणूस मरतो आहे आणि आपल्याला पडलंय, मामाला काय सांगू.

मामा, तुमच्या चेहऱ्याशी माझं वैर नाही. तुम्ही मदत केलीत, फिरोज ते विसरला नव्हता. खेळाच्या शेवटी तुमचे आभार आहेत, ते वाक्य त्यानंच माझ्याकडून लिहून घेतलं. पण दारावर तुम्ही उभे राहिलात, की लोकांना आत जाता येत नाही. एवढं सोपं आहे हे. भाजीवाल्या मावशींना कळलं होतं.

आज इथं प्रत्येकानं सांगितलं की फिरोज मोठा कलाकार होता. कशावरून? त्याचं एक चित्र तरी पाहिलंत का? तुम्ही वाघ पाहिलात. ज्याच्यापासून तो पळत होता तेच त्याच्या डोक्यावर टांगून आपण त्याला श्रद्धांजली वाहतो आहोत. मला याची किळस येते. तुमची नाही. याची. आपल्याला कोरं आभाळ सहन होत नाही याची.

मला जास्त काही मागायचं नाही. रस्त्याला त्याचं नाव नको. पुरस्कार नको. आपांच्या फोनमध्ये कणीस आहे. दुकानाचं पान संतोषच्या हातात आहे. कव्हर बदलायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो. संतोष, ते लाव. तो गेला, आता त्याच्या तोंडात दुसऱ्याचा वाघ घालू नकोस. आणि मामांपुढं तुझं तोंड उघडतच नसेल, तर त्या वाघाखालचं त्याचं नाव काढ. त्यानं स्वतः मागितलं होतं. दोन्हींतलं एक.

आता शांत बसू या. उभं राहायची गरज नाही, चाचांना गुडघ्यांचा त्रास आहे. आपण गप्प असू तेवढ्यात संतोषनं काम करावं.

फिरोज, सलाम.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं पान उघडलं, मग खेळ. कव्हर तेच होतं. फिरोजचं नाव काढलेलं होतं. कव्हरखालचं, आणि खेळाच्या आत त्यानं काढलेल्या शेताखालचंही.