दगड झालेला मुलगा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांची आई आत डोळ्यांत थेंब घालून घेत होती.

"दादा, पाय नको ना हलवू. अख्खा बाक हलतोय."

"मला बघून काय म्हणेल गं ती?"

"इतक्या वर्षांनी उगवलायस. म्हणेल ते मुकाट ऐकून घे."

"तिची ती गोष्ट आठवते? आईला न सांगता घर सोडणारा मुलगा वेशीवर दगड होतो."

"न आठवायला काय झालं? शाळेच्या नाटकात दगड तूच होतास. चादरीखाली सारखा पाय हलवत होतास. लोक हसून बेजार."

"पुढे त्यावर सिनेमाही आला. त्यात पाऊस पडतो, एक गाणं होतं आणि दगडाचा परत माणूस होतो."

"आईला नाही पटला. म्हणाली, एवढं सोपं असतं होय?"

"म्हणजे अजून दगडच?"

"आई माझ्या मुलींना सांगते तेव्हाही दगडच. पण आता गोष्टीतली आई रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसते. घरात काय शिजलं, कोण आजारी पडलं, सगळं सांगते."

"दगडाला?"

"मुलीही हेच विचारतात. ती म्हणते, ऐकू येतं त्याला."

दार उघडलं. भिंत चाचपत आई बाहेर आली.

"सगळं धुकं धुकं झालंय गं. तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

ती हळूच बाकावर टेकली. बाक अजून हलत होता.

"दगड म्हणावा, तर पाय हलतोय."