लंगडणारा गुप्तहेर

मुलांनो, समजा, तुम्ही एका जुन्या चित्रपटगृहात आहात. इथे सिनेमा रिळांवर असतो. एक रीळ संपले की वरच्या खोलीतला ऑपरेटर दुसरे लावतो. मध्यंतर झाले आहे. पॉपकॉर्नच्या रांगेत आई, बाबा आणि त्यांची लहान मुलगी उभी आहेत. त्यांच्या मागे मीही आहे.

"अहो, घरी चला. डोकं भणभणलंय माझं."

"थांब गं. काय देखणा सिनेमा आहे! तो धूर, त्या सावल्या, तो काळा कोट!"

"कोट छानच आहे. पण तो गुप्तहेर पहिल्यापासून लंगडतोय का?"

"ऐट असते ती."

"ऐट कसली, बूट चावत असेल."

"आई, त्याच्या पायाला गोळी लागली ना!"

"ती आत्ता लागली, बबडे. लंगडतोय तो केव्हाचा."

"अहो, तेच म्हणतेय मी! आणि घड्याळजीला आधी पुरलं, मग तो दुकान उघडत होता."

"ती आठवण असेल. असल्या सिनेमात मागचं पुढे करतात."

"मग बाबा, सिनेमाचं नाव इतक्या उशिरा का आलं?"

"तीसुद्धा स्टाइल, बाळा."

"पुरे झाली तुमची स्टाइल. मी निघाले."

"आई, पाचच मिनिटं थांब!"

मुलगी रांग सोडून जिना चढली आणि ऑपरेटरच्या दारावर थापा मारू लागली. "काका, दुसरं रीळ आधी लावलंत तुम्ही! पुन्हा पहिल्यापासून दाखवा ना, आमची आई घरी चाललीय!"