आत्याच्या नाकाखाली सहा बरण्या

दादा : आणि पाचवी?

आत्या : थांब रे, आधी कोपर हुंगू दे.

दादा : कोपर?

आत्या : आपल्याच कोपराचा वास घेतला की नाक कोरं होतं. तुझं देऊ नकोस, त्याला सॉसचा वास येतो.

धाकटी : आत्या, पाचवी!

आत्या : हं. बंद पडलेल्या फ्रीजमधला मासा. शेजारी ओला पुठ्ठा. मासा पुठ्ठ्यावर नाराज आहे.

दादा : संपलं. तुझं म्हणे माशाच्या तेलाचं मेयोनीज, तब्येतीला उत्तम, आणि माशाचा वास अजिबात नाही! पाच बरण्या, पाच तऱ्हेची घाण. सहावीही अशीच निघाली, तर सोमवारपासून कारखान्यातल्या या यंत्रावर टोमॅटो सॉस. तू जा त्या शाम्पूवाल्यांकडे नोकरीला, बोलावतायत तर.

धाकटी : जाईन. आधी आत्याला या पाच बरण्या ओळीत लावू दे. कमी घाण डावीकडे, जास्त घाण उजवीकडे.

आत्या : ही जुना ऑइलपेंट, इथे. ही नासलेली काकडी, तिच्यापुढे. ही गंजका नळ. ही मासा, पण अजून ओळख ठेवून आहे. आणि नाराजवाला शेवटी.

धाकटी : आता बुडाखालच्या चिठ्ठ्या बघते... दादा. दादा! ऊठ, नाच!

दादा : कशाबद्दल?

धाकटी : आत्याने न बघता तुझ्या व्हिटॅमिन सीच्या क्रमाने लावल्यात! पहिलीत चिमूटभर, शेवटचीत सगळ्यात जास्त. जितकं सी जास्त, तितका वास जास्त!

दादा : उलटं कसं होईल? तेल खराब होऊ नये म्हणून तर मी ते घालायला लावलं. मला सर्दीला लगेच लागू पडतं.

धाकटी : मेयोनीजला सर्दी झाली नव्हती, दादा! नीट ऐक. मेयोनीज म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब. एकेक थेंब म्हणजे एकेक घर. चोर पाण्याच्या बाजूने येतो.

आत्या : कोण चोर?

धाकटी : लोखंड. अंड्याच्या बलकात असतं, कणभर. एरवी तिथेच अडकून पडलेलं. ते सुटलं की थेंबाच्या दाराशी येतं आणि तेल नासवतं. तेलात घातलेलं व्हिटॅमिन ई थेंबाच्या आत राखणीला असतं, पण एकटं किती पुरणार? आणि तुझं सी पोहतं पाण्यात. तिथे ते लोखंडाला बलकातून सोडवतं, वर ताजंतवानं करून दाराकडे पाठवतं.

दादा : म्हणजे मी वॉचमन ठेवला आणि तो चोराला चहा पाजतोय?

धाकटी : चहा पाजून वर पत्ता सांगतोय!

दादा : मग सहावीत काय आहे?

धाकटी : ई आहेच. सी अजिबात नाही. त्याऐवजी लोखंड धरून ठेवणारी पावडर, अगदी थोडी. ती लोखंडाला अशी पकडते, जशी लग्नात भेटलेली लांबची मावशी. हात सोडतच नाही. बाकी सगळं सारखं. सहाही बरण्या एकाच दिवशी त्या गरम कपाटात ठेवल्या होत्या, नासायच्या तर लवकर नासाव्यात म्हणून.

दादा : पण आत्याने आजवर कशालाही नुसतं 'चांगलं' म्हटलेलं नाही. परवा साध्या पाण्याला म्हणाली, 'शेजाऱ्यांचं वाटतंय.'

आत्या : शेजाऱ्यांचंच होतं.

धाकटी : आत्या, घे ना गं सहावी.

आत्या : गप्प बसा दोघं. कोपर हुंगायचंय.

(आत्या कोपर हुंगते, झाकण काढते, डोळे मिटते.)

आत्या : लिंबू.

धाकटी : हं.

आत्या : अंडं. मोहरी, मागच्या बाकावर.

दादा : आणि?

आत्या : आणि काय? पाव आहे का कुठे?

दादा : आत्या, मासा!

आत्या : कुठला मासा?

धाकटी : दादा... दादा, तू रडतोयस?

दादा : छे गं. सर्दी झालीये.